डी-लूप सरकते कशाने? गाठ कुणी नीट शिकवेल का

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी धनुर्विद्येतला माणूस नाही. कराडला माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. मुलगी सातवीत आहे, दीड वर्षापासून कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) शिकते. धनुष्य जुनं घेतलंय, सध्या ४० पौंडावर लावलेलं.

मागच्या महिन्यात डी-लूपचे (स्ट्रिंगला, म्हणजे प्रत्यंचेला, बांधलेल्या दोरीच्या छोट्या कडीचे) धागे सुटलेले दिसले म्हणून म्हटलं, आपणच बदलू. दिवसभर वायरीच वळतो, एक गाठ काय अवघड! व्हिडिओ बघितला, दोरी बांधली, पक्कडीने आवळली. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सरावात अर्धं खेचून झालं आणि वरची गाठ सुटली. रिलीज (लूपला अडकवून खेचायचं हुकाचं साधन) धरलेली मूठ सरळ तिच्याच हनुवटीवर. खालचा ओठ फुटला. बाण समोर दहा-बारा फुटांवर जाऊन पडला. धनुष्याला काही झालं नाही असं सरांनी तपासून सांगितलं, पण पोरगी आता खेचताना डोळे मिटून घेते. ते मला बघवत नाही.

सर चांगले आहेत, पण त्यांच्याकडे चाळीस मुलं. दर वेळी लूपसाठी त्यांना थांबवणं बरं दिसत नाही. मला ही गाठ स्वतः पक्की यायला हवी. कृपया कुणी सविस्तर सांगाल का?

पन्नास मीटर

दादा, आधी मुलीच्या ओठाचं सांगा. दात हललाय का? अशा ठोशात दात दुखावलेला दोन दिवस कळत नाही.

मग सांगा: जाळलेली दोन्ही टोकं एकाच बाजूला होती की एक डावीकडे, एक उजवीकडे? टोक कसं जाळलं होतं? आणि तुटली की सरकली?

कृष्णाकाठ

दात ठीक आहेत, डेंटिस्टला दाखवलं. दोरी अख्खी आहे, म्हणजे सरकलीच. दोन्ही टोकं डावीकडे होती, हे तुम्ही विचारल्यावर फोटोत बघितलं. टोक म्हणाल तर लायटरची ज्योत नुसती चाटवली होती, दोरा उसवू नये एवढ्यापुरती.

पन्नास मीटर

दोन्ही चुका सापडल्या मग. आता जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

डी-लूपची गाठ ही खरं म्हणजे निरगाठ नाहीच. ती फास आहे. ताण येतो तसा फास स्ट्रिंगवर आवळतो, आणि टोक त्या फासातून मागे निसटू नये म्हणून त्याला बोंडूक, म्हणजे टोक जाळून केलेला जाड गोळा, असतं. बोंडूक नीट नसेल तर ताण आल्यावर टोक इंच-इंच मागे सरकतं आणि एक दिवस निघून जातं. तुमच्याकडे तेच झालं. चार दिवस रोज थोडं थोडं सरकत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं.

दोरी साधारण २ मिलिमीटर जाडीची, विणलेल्या पॉलिएस्टरची, लूपसाठी म्हणूनच विकतात ती घ्या. ११ ते १२ सेंटिमीटर कापा. टोकाचे धागे नखाने मोकळे करून फुलासारखे पसरा आणि मग खालून आच द्या. धागे वितळत मागे येतात आणि छत्रीसारखा गोळा होतो. गोळा दोरीहून ठळक जाड दिसला पाहिजे. मऊ असतानाच लायटरच्या पत्र्याच्या बाजूवर हलकं दाबून सपाट करा. बोटाने नाही, वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटून बसतं. गोळा काळा पडून कुरकुरीत झाला तर कापून टाका आणि परत करा, जळका गोळा दाबाखाली फुटतो.

दोन्ही टोकं आधीच जाळून घ्या, स्ट्रिंगपासून लांब, वेगळ्या टेबलावर. स्ट्रिंगमध्ये डायनिमा नावाचा प्लास्टिकचा धागा असतो आणि तो १५० अंशांच्या आसपासच वितळतो. लायटरची ज्योत त्याच्या किती पट गरम! एक चुकार झळ लागली की लूपच्या नादात स्ट्रिंग जाते, आणि ४० पौंडाला स्ट्रिंग तुटणं म्हणजे ओठावर निभावणार नाही.

आता गाठ. दोरी दुमडा, एक पाय आखूड (बोंडुकाचा), एक लांब. दुमडलेला फास स्ट्रिंगच्या डाव्या बाजूला धरा, दोन्ही पाय स्ट्रिंगला वळसा घालून त्याच फासातून बाहेर काढा. ही वरची गाठ, बोंडूक डावीकडे. खालची गाठ तशीच, फक्त आरशात बघितल्यासारखी: फास उजवीकडे, बोंडूक उजवीकडे. दोन्ही गाठी एकाच बाजूला मारल्या तर ओढताना लूप स्ट्रिंगला एका अंगाला पिळते. विरुद्ध मारल्या की एकीचा पीळ दुसरी खाते. तुमच्या मुलीचं पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं भोक) दर बाणाला थोडं तिरकं येत होतं का, विचारा तिला.

कृष्णाकाठ

विचारलं. "येत होतं, मी मान वाकडी करत होते." चारही दिवस! मला एका शब्दाने बोलली नाही.

डोंबिवलीची अंजू

मी धनुष्य हातात धरलेलं नाही, पण ती गाठ वाचून हसू आलं. अहो, हे तर मॅक्रमे! आमच्या लग्नाच्या वेळी घरोघरी कुंड्या टांगायला मॅक्रमेच्या झोळ्या होत्या. दोरी दुमडून काठीवर पहिला टाका टाकायचा तो हाच. फास काठीमागे, दोन्ही शेपट्या फासातून खाली. शंभर-शंभर टाके एका बैठकीत मारलेत.

एक गोष्ट सांगते. त्या टाक्याच्या दोन्ही शेपट्यांवर सारखा ताण असेल तर तो हलत नाही. एकाच शेपटीवर भार आला की टाका हळूहळू चालू लागतो. तुमच्या लूपमध्ये तर भार एकाच पायावर आहे ना? दुसऱ्या पायाला फक्त बोंडूक. म्हणजे त्या बोंडुकावरच सगळं. आता मला समजलं तुम्ही त्याला एवढं का जपता ते.

पन्नास मीटर

अंजूताई, पंधरा वर्षांत मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

माणदेशी

गाय बांधताना दाव्याचं असंच असतं. गोठ्याच्या खुंट्याला अडकवलेला फास गाय हिसका देते तसा आवळतो. फक्त दाव्याच्या शेवटाला गाठ असते, तुमच्या बोंडुकाच्या जागी. आमच्या वडिलांनी दाव्याला गाठ न मारता दिलेली गाय मी एकदा रात्री दीड वाजता शेजारच्या कांद्यात शोधलीय.

टॅबवाला

मी रिकर्व्ह (बिनचाकांचं धनुष्य) शूट करतो, भाबडा प्रश्न आहे. आम्ही तीन बोटांनी स्ट्रिंग धरतो, टॅब (बोटांचं संरक्षण करणारा तुकडा) मध्ये. तुम्ही रिलीज थेट स्ट्रिंगलाच का नाही अडकवत? लूपची भानगडच नको.

पन्नास मीटर

अडकवतातही. पण धातूचा हूक रोज त्याच जागी घासून सर्व्हिंग (स्ट्रिंगवर गुंडाळलेला दोरा) खातो. शिवाय हूक लागतो बाणाच्या खाली, त्यामुळे स्ट्रिंग खालून खेचली जाते आणि सुटताना नॉक (बाणाची खाच असलेली शेपटी) वर उचलला जातो. लूप असली की खेच नॉकच्या बरोबर मागून, वरच्या-खालच्या गाठींमधून सारखी येते. रिकर्व्हमध्ये तीन बोटांनी नॉकच्या आजूबाजूला धरता, तुम्हाला तो प्रश्न तसा येत नाही. आणि रिलीज लावून रिकर्व्ह स्पर्धेत चालणारही नाही, तो कंपाउंडचा हक्क.

फुकटचा_अर्जुन

अवांतर: द्रोणाचार्यांनी एकलव्याला आधी एक रिलीज घेऊन दिलं असतं तर अंगठ्याचा प्रश्नच मिटला असता. (हलकेच घ्या.)

टॅबवाला

अवांतराला अवांतर: अंगठ्याने स्ट्रिंग खेचायची पद्धत आशियात जुनीच आहे, मुघलांच्या जेडच्या अंगठ्या संग्रहालयांतून दिसतात. म्हणजे बोट वाचवायला काहीतरी मध्ये घालायचं, हे आजचं नाही. आणि अंगठा तर सोडाच, जम्मूच्या शीतल देवीला दोन्ही हात नाहीत. पायाने धनुष्य धरते, खांद्याच्या पट्ट्याला लावलेल्या रिलीजने खेचते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक कांस्य. कंपाउंडच.

तांडेल

मालवणात आमच्याकडे जाळ्याची नायलॉन दोरी मिळते, घोरपडीसारखी चिवट. तुटायची बात नाही. तीच का वापरू नये? कराडला पाठवून देतो हवी तर, फुकट.

पन्नास मीटर

मनापासून आभार, पण नको. नायलॉन ताणतो. जाळ्याला ते बरंच असतं, हिसका बसला की थोडं द्यायला हवं. इथे लूप जराशी ताणली तरी हनुवटीजवळची अँकरची (हात टेकवायची) जागा मागे सरकते, आणि पोरीने महिनाभर बसवलेली जागा बिघडते. शिवाय त्या दोरीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, गाठ धरत नाही. एका मुलाने बुटाची नाडी लावलेली मी पाहिलीय. दुसऱ्याने पतंगाचा मांजा बोलून दाखवला होता, त्याला मैदानातून हाकलला.

ग्रँड_रॅपिड्स

मिशिगनहून. इथे धनुष्याने हरणांची शिकार कायदेशीर आहे, त्यामुळे गावोगावी धनुष्याची दुकानं आणि डी-लूप बांधून देणारे लोक. मी दुकानात बघतो ते असं: दोरीचं एकच टोक आधी जाळतात, दुसरी गाठ मारून झाल्यावर जास्तीची दोरी कापतात आणि ते टोक तिथेच जाळतात. लूप हवी तेवढीच होते, मोजमापात चूक नाही. दोन्ही टोकं आधी जाळली तर लांबी चुकली की दोरी वाया.

आणि धातूची लूप कुणी वापरत नाही का? पितळेची, स्क्रूने कसायची. सरकण्याचा विषयच नाही.

पन्नास मीटर

दुकानातला माणूस दिवसाला दहा लूप मारतो, त्याचा हात बसलेला असतो. तोही स्ट्रिंगला आडोसा धरून जाळतो, बघा नीट. कराडच्या दुकानदार-बाबांना मी तो सल्ला देणार नाही. वाया गेलेली १२ सेंटिमीटर दोरी स्ट्रिंगपेक्षा फार स्वस्त.

धातूची लूप जड असते. स्ट्रिंगच्या मध्यावर वजन वाढलं की बाणाचा वेग कमी होतो, आणि रिलीजचा हूकही घासतो. मी लावली होती, काढून टाकली. कुणाला आवडते, त्यांनी वापरावी.

ग्रँड_रॅपिड्स

आडोसा धरतात, खरंय. ओल्या कापडाची पट्टी गुंडाळतात स्ट्रिंगला. सांगायचं राहिलं.

बरं, अजून कुणी एक गोष्ट बोललं नाही: लूपच्या आत, बाणाच्या नॉकच्या वर-खाली सर्व्हिंगच्या दोऱ्याच्या बारीक गाठी बांधता का? इथे बहुतेक जण बांधतात.

पन्नास मीटर

हो, तेच लिहायला बसलो होतो. ही गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊकच नसते.

नुसती लूप लावली तर नॉकला लूपच्या दोन गाठींमध्ये बसावं लागतं. स्ट्रिंग पूर्ण खेचली की तिचा कोन बनतो आणि त्या गाठी दोन्ही बाजूंनी नॉकला चिमटतात. बाण रेस्टवरून (तो टेकवायच्या आधारावरून) उचलला जातो. मुलं म्हणतात "बाण नाचतो." म्हणून नॉकच्या खाली आणि वर सर्व्हिंगच्या दोऱ्याच्या पाच-सहा अर्ध्या गाठी, एक पुढून एक मागून अशा पाळीपाळीने. शेवटी टोकं कापून हलकी आच, पण स्ट्रिंगला ओल्या कापडाचा आडोसा धरून, आणि तेवढं सरांकडूनच करून घ्या. मग त्यांच्या बाहेर लूप. नॉक आणि गाठ यांच्यात कागद सरकेल एवढी फट ठेवा.

याचा दुसरा फायदा तुम्हाला जास्त उपयोगी. या गाठी जागच्या जागी असल्या तर लूप बदलताना उंची हरवत नाही. जुनी लूप कापली, नवी बांधली, नॉक तिथेच. नसतील तर कापण्याआधी नॉकच्या जागेवर पांढऱ्या पेनाची खूण करा किंवा स्क्वेअर (काटकोनी पट्टी) लावून आकडा लिहून ठेवा. कंपाउंडला बाण काटकोनात किंवा त्याहून २-३ मिलिमीटर वर बसवतात. तुमच्या सरांनी मुलीच्या धनुष्याला काय ठेवलंय ते त्यांनाच विचारा, तिथे इंटरनेटवरचं ऐकू नका. माझंही नको.

आवळायचं कसं ते राहिलंच. हाताने कधीच पुरेसं आवळत नाही. लूपच्या आत नोज प्लायर बंद घाला आणि उघडा, म्हणजे दोन्ही गाठी बाहेरच्या दिशेने एकदम आवळतात. मग बोंडूक गाठीला टेकलंय का बघा. मध्ये जागा दिसली तर बोंडूक चिमट्याने ओढून घ्या आणि पुन्हा आवळा. आतून मोजलेली लूप साधारण १२ ते १५ मिलिमीटर असावी. फार लांब झाली तर ड्रॉ (खेच) लांबतो, पोरगी हात ताणून खेचते आणि खांदा वर जातो.

पहिले बाण अगदी जवळून, पाच मीटरवर, बाण लावूनच. रिकामं खेचायचं नाही, गाठ सुटली तर ते ड्राय फायर, म्हणजे बाणाविना सुटलेलं धनुष्य. आणि एक लक्षात घ्या, सगळा भार शेवटी नसतो. ४० पौंड म्हणजे १८ किलो, ते अर्ध्या खेचीत येतात. मागे गेलं की कॅम (टोकाचं चाक) वळतो आणि ७५ टक्के भार सोडणाऱ्या धनुष्याला हातात १० पौंड उरतात. तुमची गाठ अर्ध्यावर सुटली हे अपघाताने नाही.

कृष्णाकाठ

हे छापून दुकानात लावतो. एक शंका: लूप किती दिवसांनी बदलायची?

पन्नास मीटर

दिवस मोजू नका, दोरी बघा. हूक बसतो तिथे पांढरं, केसाळ दिसलं, बोट फिरवल्यावर सपाट लागलं, किंवा बोंडूक गाठीपासून नखभर लांब गेलं, की बदला. माझ्याकडची मुलं दर रविवारी सराव सुरू होण्याआधी लूप, पीप आणि कॅमजवळची स्ट्रिंग बघतात, देवाला फूल घालतात तसं.

टॅबवाला

आणि मॅचच्या आदल्या दिवशी नवीन लूप नको! मॅचमध्ये सामान दुरुस्त करायला जादा वेळ मिळत नाही. एका बाणाला २० सेकंद, घड्याळ चालूच.

फुकटचा_अर्जुन

एका बाणाने काय फरक पडतो एवढा?

टॅबवाला

पडतो राव. कंपाउंडला मॅच १५ बाणांची, ५० मीटरवरून, दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. बर्लिनला २०२३ च्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारले, समोरच्याने १४९. एका गुणाने सोनं. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या १७ व्या वर्षी महिलांचं जिंकलं, १४९-१४७. आणि त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९-१४८ ने हरवलं. लूप निम्मं मिलिमीटर सरकलेलं त्या पातळीवर लगेच दिसतं.

आता २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यामुळे साताऱ्याकडचे पालक अजून वाढणार आणि हे धागेही.

कृष्णाकाठ

शनिवारी दुकान बंद करून बसलो. थेट धनुष्यावर हात घातला नाही. बाकाला लावलेला शिकंजा आहे दुकानात, त्यात एक जाड स्क्रूड्रायव्हर आडवा धरला आणि त्याच्या दांड्यावर आठ वेळा लूप बांधली. पहिल्या तीन ठिकाणी दोन्ही बोंडुकं पुन्हा एकाच बाजूला! डोक्यात समजलेलं हातात उतरत नाही. मग एका टोकाला लाल आणि दुसऱ्याला निळी टेप लावली, आमच्या फेज-न्यूट्रलसारखी. मग जमलं.

बोंडुकाचंही तसंच. धागे न फुलवता आच दिली की बारीक मणी होतो, फुलवून दिली की छत्री. दोन्ही टोकं पक्कडीत धरून खेचून बघितली. मणी असलेली दोरी दुसऱ्या हिसक्याला निसटली, छत्रीची हलली नाही. पोरीला समोर बसवून दाखवलं. तिने स्वतः चार-पाच वेळा खेचून बघितलं, मग म्हणाली, "ही चालेल."

रविवारी मैदानात लावली. सरांनी स्क्वेअर लावून उंची बघितली. पाच मीटरवरून सुरुवात. पहिले दोन बाण डोळे मिटूनच. तिसऱ्याला एक डोळा. तीसेक बाणांनंतर पुन्हा मोजलं तर लूप जराशी बसून आत आली होती आणि पीप किंचित फिरलं होतं. सरांनी वरची गाठ चिमट्यात धरून केसभर फिरवली, पीप सरळ. मान वाकडी करायची सवय मात्र अजून आहे, ती जाईल.

डोंबिवलीची अंजू

टेपची युक्ती छान! आम्ही मॅक्रमे शिकवताना दोन रंगांची सुतळी द्यायचो.

तांडेल

माझी दोरी नको म्हणालात तरी पोरीला मालवणहून खाऊ पाठवतो. कोकमं.

पन्नास मीटर

दादा, एक शेवटचं. मैदानावर जाताना क्विव्हरच्या (भात्याच्या) खिशात दोन्ही टोकं जाळून तयार ठेवलेल्या तीन-चार दोऱ्या, नोज प्लायर आणि सर्व्हिंगचा दोरा ठेवा. लायटर नको, त्याची गरज पडू नये म्हणूनच आधी जाळायचं. आणि त्या दोऱ्या तिने बांधाव्यात, तुम्ही नाही.

कृष्णाकाठ

तेच ठरलंय. काल तिनेच बांधली, मी फक्त बोंडुकं बघितली. डावीकडे एक, उजवीकडे एक. फक्त मी काळी दोरी आणली होती, वायरीसारखी, आणि तिला जांभळी हवी आहे. साताऱ्यात की पुण्यात कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?